नोटेवरची शून्ये आणि थाळीचा भाव

डिसेंबर २०२५ हा महिना आम्हा पनवेलकरांच्या दोन कारणांनी लक्षात राहील. महिन्याच्या सुरुवातीला डॉलरने इतिहासात प्रथमच नव्वद रुपयांची पायरी ओलांडली, आणि नाताळच्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या उलव्याजवळच्या नव्या विमानतळावर प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. परदेशाचे दार अंगणात येऊ घातले आणि नेमकी त्याच वेळी उंबरठ्याची उंची वाढली.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक दोनच विषय घेऊन येतात. मुदतठेव कुठे ठेवावी, हा पहिला. दुसरा अलीकडचा आहे. ‘‘साहेब, रुपया इतका घसरलाय, तर आता परदेशात जायचं कुठं?’’ विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असते. एका रुपयाला पावणेतीनशे-तीनशे व्हिएतनामी डाँग मिळतात, हे त्याने कुठेतरी वाचलेले असते. पस्तीस-चाळीस हजार रुपये मोडले की हातात एक कोट डाँग! आयुष्यभर पगारदार राहिलेल्या माणसाला कोट्यधीश होण्याचा हा मोह सहजी आवरत नाही.

व्हिएतनाम आपल्याला परवडतो, हे खरेच आहे. पण त्याचे कारण ती शून्ये नव्हेत. हा फरक कळला नाही, तर पुढच्या वेळी हाच माणूस कोरियात फसेल. दक्षिण कोरियाचे वॉन एका रुपयाला सोळाच्या आसपास मिळतात, म्हणजे तिथेही आपण श्रीमंत. पण सोलमध्ये एक कप कॉफी चार-पाच हजार वॉनला पडते; आपले अडीचशे-तीनशे रुपये झाले. उलट थायलंडचा एक बाट घ्यायला आपल्याला अडीच रुपयांहून अधिक मोजावे लागतात. कागदावर आपण तिथे गरीब. पण बँकॉकच्या रस्त्यावर पन्नास-साठ बाटमध्ये पोटभर जेवण होते, म्हणजे दीडशे रुपयांच्या आतबाहेर. ज्या देशात एका रुपयाला सोळा मिळतात तो महाग, आणि जिथे एकासाठी अडीच द्यावे लागतात तो स्वस्त.

आमच्या आधीच्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे होऊ लागले. चौसष्टचे शंभर झाले म्हणून कोणी श्रीमंत झाला नाही. चलनाचे एकक केवढे ठेवायचे, हा त्या त्या देशाच्या इतिहासाचा भाग असतो. कुठे युद्ध, कुठे भाववाढ, कुठे जुनी नोट रद्द करून तीन शून्ये उडवलेली. विनिमयाच्या तक्त्यात ते दिसते, पण तक्ता पाहून थाळीचा भाव कळत नाही.

म्हणून देश निवडताना पहिला प्रश्न हा : तिथला साधा माणूस दुपारी काय जेवतो आणि त्याचे किती देतो? दुसरा, तिथल्या बसचे तिकीट काय? तिसरा, दोन माणसांच्या स्वच्छ खोलीचे एका रात्रीचे भाडे काय? या तिन्हींची रुपयांत बेरीज करा. त्या देशाचा आपल्यापुरता खरा विनिमय दर तोच.

रुपया पडतो याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या पिढीने तो पडतानाच पाहिला आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एका दिवसात साडेसात रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले आणि एकविसाच्या घरातला डॉलर सव्वीसच्या आसपास गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले; परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली होती. बँकेतल्या आम्हा लोकांना त्या दिवसांत घरचे दागिने गहाण पडावेत तसे वाटले होते.

मी त्या काळात फोर्टातल्या एका शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर होतो. पनवेलला हार्बरची लोकल १९९८ मध्ये आली. तोवर एसटी हाच आधार होता. आमच्या खिडकीवर येणाऱ्या पर्यटकाला मिळत काही शे डॉलर, तेही ठरावीक वर्षांतून एकदाच. रक्कम पासपोर्टच्या शेवटच्या पानांवर लिहून शिक्का मारायचा. दोन माणसांच्या युरोपवारीला तेवढे पुरणे शक्यच नव्हते. त्यामुळे परदेश म्हणजे जिथे मेहुणा किंवा भाचा राहतो तो देश, अशीच बहुतेकांची व्याख्या होती. पुढे बंधने सैल झाली. १९७३ चा कडक ‘फेरा’ कायदा जाऊन २००० मध्ये ‘फेमा’ आला. २००४ मध्ये प्रत्येक माणसाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली, ती मर्यादा आता अडीच लाख डॉलरवर आहे. तेव्हा कायदा अडवीत होता, आता खिसा अडवतो. मला हा बदल चांगला वाटतो. कायद्यापुढे माणूस हतबल असतो, खिशापुढे त्याला अक्कल वापरता येते.

अक्कल वापरायची तर दुसरी गोष्ट पाहावी : त्या देशाचे चलन कोणाच्या दावणीला बांधलेले आहे? संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. डॉलर हलला की तो हलणारच. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर पंचाहत्तरच्या आसपास होता, तेव्हा दिरहम साडेवीस रुपयांना पडे. डॉलर नव्वद झाला त्या दिवशी तो साडेचोवीस झाला. दुबईच्या दुकानदाराने एका फिल्सनेही भाव वाढवला नसता, तरी आपल्यासाठी दुबई वीस टक्क्यांनी महागली. हाँगकाँगचेही तेच, त्यांचा डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे.

दावणीची दुसरी बाजूही आहे. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० या दराने जोडलेला आहे आणि भूतानचे न्गुलत्रुम तर आपल्या रुपयाच्या बरोबरीचे. डॉलर शंभर झाला तरी पोखऱ्यातली खोली तेवढ्यावरून महागणार नाही. भूतान भारतीयांकडून दर रात्रीचे माणशी १२०० रुपये शुल्क घेतो, ते मात्र हिशेबात धरायला हवे. नेपाळ-भूतानला ‘परदेश’ म्हणायला आपले लोक नाक मुरडतात. ‘‘तिथं काय, पासपोर्टवर शिक्कासुद्धा मिळत नाही!’’ एका गृहस्थांनी मला खरोखरच हे कारण सांगितले. ज्यांना हिमालयापेक्षा शिक्का पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख नाही.

तिसरी गोष्ट थोडी फसवी आहे. एखाद्या देशाचे चलन कोसळले की तो स्वस्त झाला, असा समज असतो. तुर्कस्तानचा लिरा २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला सात-साडेसात होता, २०२४ अखेर तो पस्तीसवर गेला. पण त्याच काळात तिथली भाववाढ इतकी भडकली की ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकडाच ८५ टक्क्यांवर होता. चलन जेवढे घसरते तेवढे भाव चढले, तर पाहुण्याच्या हाती काहीच लागत नाही. जपानचे नेमके उलटे झाले. येन घसरला, पण भाव तुर्कस्तानासारखे उसळले नाहीत. २०१२ मध्ये शंभर येनला आपले पासष्टहून अधिक रुपये पडत, २०२४ च्या जुलैत बावन्न-त्रेपन्न पडले. रुपया डॉलरपुढे लंगडत असताना येनपुढे ताठ उभा होता. जपान अजूनही स्वस्त नाही. पण ज्याच्या मनात वर्षानुवर्षे तो देश आहे, त्याने निदान चौकशी करायला हरकत नाही. थायलंडची गोष्ट आणखी तिसरी. दहा वर्षांपूर्वी दोन रुपयांच्या आत मिळणारा बाट आज अडीचच्या पुढे आहे. थायलंड म्हणजे स्वस्त, हे ज्यांनी तेव्हा पाठ केले, त्यांनी ते आता एकदा तपासून पाहावे.

आता विमानाचे भाडे. ते आपल्या हातात नाही. इंधन आणि विमानाचे भाडेपट्टे डॉलरमध्ये असल्यामुळे रुपया पडला की तिकीट चढते. पण किती दिवस राहायचे, हे आपल्या हातात असते. समजा, एका देशाचे दोघांचे येण्या-जाण्याचे भाडे ८० हजार आहे आणि तिथला रोजचा खर्च ६ हजार. दुसरा देश जवळ आहे. भाडे ४० हजार, पण रोजचा खर्च ९ हजार. चार दिवसांसाठी पहिला देश १ लाख ४ हजारांना पडेल आणि दुसरा ७६ हजारांना. पंधरा दिवस राहिलात तर पहिला १ लाख ७० हजार, दुसरा १ लाख ७५ हजार. सुट्टी थोडी असेल तर जवळचा देश आणि निवृत्तांसारखी रिकामी वेळ असेल तर लांबचा पण स्वस्त देश, हा साधा हिशेब आहे. ‘दहा दिवसांत सात देश’ ही सहल रुपया कमजोर असताना सर्वांत महाग पडते. तीत रोजचा प्रवास असतो, रोजचे नवे हॉटेल असते आणि स्वस्त जागा शोधायला फुरसतच नसते.

व्हिसाचेही तसेच. युरोपातल्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. व्हिएतनामचा एका प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा. चौघांच्या कुटुंबाला हा फरकच एका दिवसाचे राहणे-खाणे देऊन जातो. शिवाय एखादा देश स्वस्त असला तरी आपण जे पाहायला जातो ते स्वस्त असेलच असे नाही. कंबोडियात जेवण स्वस्त, खोली स्वस्त. पण अंकोरच्या मंदिरांचा एका दिवसाचा पास परदेशी माणसाला ३७ डॉलरचा आहे. त्यासाठी अंकोर सोडू नये. पण आधी माहीत असावे.

पैसे न्यायचे कसे, याबद्दल माझ्या जुन्या टेबलावरून दोन शब्द. डाँग किंवा रुपिया इथूनच घेऊन जाण्याचा हट्ट धरू नये. इथे ती चलने सहजी मिळत नाहीत आणि मिळाली तर भाव चांगला नसतो. थोडे डॉलर न्यावेत आणि तिथे शहरात मोडावेत. विमानतळावर टॅक्सीपुरतेच मोडावेत. परदेशी दुकानात कार्ड दिल्यावर यंत्र विचारते, बिल रुपयांत हवे की स्थानिक चलनात? रुपया दिसला की आपल्याला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते आणि आपण तिथे बोट ठेवतो. ठेवू नये. त्या सोयीसाठी दुकानदाराची बँक स्वतःचा दर लावते आणि तो बहुधा वाईट असतो. आपल्या क्रेडिट कार्डावर परकीय व्यवहाराचा अधिभार किती आहे, हे निघण्यापूर्वी बँकेला विचारावे. पुष्कळ कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि वर जीएसटी. व्हिएतनाममध्ये आणखी एक सांभाळावे. तिथली वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. तिन्हीसांजेला चष्मा खिशात ठेवून टॅक्सीचे पैसे देऊ नयेत.

सहल कंपनीतर्फे जात असाल, तर कोटेशनमधला कोणता भाग परकीय चलनात आहे आणि त्यासाठी कोणत्या दिवशीचा दर धरणार, हे लेखी घ्यावे. पॅकेजवर कंपनी जो कर गोळा करते, त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. पण तो खर्च नव्हे. विवरणपत्र भरले की आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. तोवर पैसे अडकून राहतात, एवढेच.

आणि आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. अलीकडे सहलीसाठी कर्ज मिळते, हप्त्यांनी. विकणाऱ्याचा युक्तिवाद ठरलेला : ‘‘काका, डॉलर दर वर्षी वाढतोय. आज नाही गेलात तर उद्या दुप्पट पडेल.’’ हा युक्तिवाद मी आकड्यांवर घासून पाहिला. मार्च १९९३ मध्ये, बाजारावर आधारित एकच विनिमय दर आला तेव्हा, डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये नव्वद. पावणेतेहतीस वर्षांत जवळपास तिप्पट. म्हणजे सरासरी वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास घसरण. तिथली महागाई वेगळी, हे मान्य. तरीही या काळात आपल्या साध्या मुदतठेवीने बहुतेक वर्षे याहून जास्त व्याज दिले आहे. मग दोन वर्षे आवर्ती ठेव भरून जाणाऱ्याला डॉलरची धास्ती कशाला? कर्जाचे व्याज मात्र त्या सव्वातीन टक्क्यांच्या तिप्पट-चौपट असते. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी विनिमय दर न शिकता सांगून ठेवले आहे. सणाची गोडी चार दिवसांत संपते, हप्ते तीन वर्षे चालतात. आणि शेवटचा हप्ता भरताना स्वित्झर्लंडचा बर्फ आठवत नाही, बँकेचा निरोप आठवतो.

ऋण काढायला लावणारा मोह बहुधा डॉलरचा नसून शेजाऱ्याचा असतो. परदेश म्हणजे बर्फ, घड्याळे आणि गोऱ्यांची शहरे, हे चित्र आपल्या मध्यमवर्गाच्या मनात फार खोल रुतले आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आले आणि ‘पूर्वरंग’ १९६३ मध्ये. पहिल्याने मराठी वाचकाला इंग्लंड-युरोप दाखवले, दुसऱ्याने आग्नेय आशिया आणि जपान. आपण दोन्ही आवडीने वाचली. पण फिरायला निघालो ते पहिल्याच्याच वाटेने. आज रुपया आपल्याला दुसऱ्या वाटेकडे ढकलतो आहे, ही मी इष्टापत्ती समजतो. जाव्यातला बोरोबुदुरचा स्तूप, प्रांबाननची शिवमंदिरे, लंकेतले अनुराधपूर. व्हिएतनाममधल्या मी सन इथे तर आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना २०२० मध्ये जीर्णोद्धाराच्या कामात नवव्या शतकातले अखंड दगडी शिवलिंग सापडले. या जागा स्वस्त आहेत म्हणून बघायच्या असे नाही. युरोप फुकट असता तरी बघायला हव्या होत्या.

तिथे गेल्यावर मात्र तिथले खावे. स्वस्त देशात सर्वांत महाग जागा कुठली, तर भारतीय खानावळ. शाकाहाऱ्यांनी धीर सोडू नये. हनोईत एका पाटीवर आम्ही ‘चाय’ हा शब्द ऐकला आणि आमच्या घरातून लगेच फर्मान सुटले, ‘‘अहो, चला, निदान चहा तरी मिळतोय!’’ आत गेल्यावर कळले की व्हिएतनामी भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. चहा मिळाला नाही. भात, मशरूम आणि टोफूचे उत्तम जेवण मिळाले. दोघांचे बिल आमच्या पनवेलच्या बऱ्या हॉटेलातल्या एका थाळीइतके.

एक शेवटची गोष्ट, जी हिशेबाच्या वहीत मावत नाही. एखादा देश आपल्याला स्वस्त पडतो, त्याचे एक कारण बहुधा तिथल्या माणसाची मजुरी कमी असते, हे असते. आपण या खेळाच्या दुसऱ्या बाजूला पुष्कळ वर्षे काढली आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य तरुण गोव्यात हणजुणे-कळंगुटला महिनोन्‌महिने राहत, त्यामागे समुद्र होता तसा स्वस्त रुपयाही होता. पुढेही पाठीवर पिशव्या लावलेले गोरे आमच्या पळस्पे फाट्यावरून दक्षिणेकडे जाताना दिसत. माझ्या टेबलावर त्यांच्यापैकी कोणी पन्नास पौंडांचा ट्रॅव्हलर्स चेक वटवी, आणि हाती आलेल्या सात-आठशे रुपयांत याचा महिना निघणार, अशी कारकुनांत कुजबूज होई. त्यातले काही शहाळेवाल्याशी चार आण्यांसाठी हुज्जत घालत. ते आम्हाला कसे दिसत, हे मी विसरलेलो नाही.

श्रीलंकेत २०२२ च्या वसंतात काही आठवड्यांत डॉलर दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढे गेला. लोक पेट्रोल आणि गॅससाठी रांगेत उभे होते. आज तिथे आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनाहून अधिक मिळतात, ते त्या रांगांतून आलेले आहेत. जावे, अवश्य जावे. पर्यटकाचा रुपया त्या देशाला हवाच आहे. पण कँडीच्या बाजारात भाव करताना आपल्या मंडईत जेवढी घासाघीस करतो तेवढीच करावी, आणि टुकटुकवाल्याने पन्नास रुपये जास्त मागितले तर ते आपल्या किती रुपयांचे, हे आधी मनात मोजावे. पंधरा. तेवढ्यासाठी आवाज चढवायला आपण समुद्र ओलांडून गेलेलो नसतो.